डांबर, बीडाचा चुरा आणि काळी माती: प्रकल्पाच्या नोंदी

9 ऑक्टोबर 2024

विषय एकदाचा मंजूर झाला: डांबरात लोखंडाचे बारीक तंतू मिसळायचे, भेगा पडल्या की मायक्रोवेव्हने तापवायचं, आणि डांबर आतल्या आत वितळून भेग भरतं का ते बघायचं. सरांनी एकच अट घातली. "लॅबमध्ये ठोकळे शेकून प्रकल्प होत नाही. एक खरा रस्ता धरा, आणि शेवटी या रस्त्यावर हे चालेल की नाही ते सांगा."

रस्ता पार्टनरच्या गावचा घेतला. यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका, मुख्य रस्त्यापासून गावापर्यंतचा जोडरस्ता, रुंदी 3.75 मीटर. खाली मुरूम, खडीचे थर, वर 20 मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे डांबर-गिट्टीचा पातळ थर, आणि पाणी अडवणारा सील कोट. दोन्ही बाजूंना कापूस-तूर, म्हणजे दोन्ही बाजूंना काळी माती.

14 ऑक्टोबर

वाचन. डांबर मुळातच थोडंफार बरं होणारं द्रव्य आहे. गाडी गेली, ताण पडला, केसाएवढी भेग पडली, मग रस्ता रिकामा राहिला आणि ऊन मिळालं तर ती भेग आपोआप मिटते. थंडीत हे फार हळू होतं, उष्णतेत झपाट्याने. म्हणजे लोखंडाचं काम भेग भरणं नाहीच. ते फक्त आतून उष्णता पोचवतं, भरायचं काम डांबराचंच.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या श्लांगेन यांच्या गटाने हे रस्त्यावर नेलं. डिसेंबर 2010 मध्ये व्लिसिंगनजवळ ए-58 महामार्गावर 400 मीटरचा तुकडा स्टील वूल, म्हणजे पोलादाचे केसासारखे तंतू, घालून केला. तिथे तापवायला इंडक्शन वापरायचं ठरलं होतं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र, आपल्या शेगडीचं तत्त्व. मायक्रोवेव्हचा मार्ग नंतर चिलीतल्या संशोधकांनी नेटाने धरला. तंतू तेच, तापवायची रीत वेगळी.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. त्यांचा रस्ता सच्छिद्र डांबराचा, त्यांचं दुखणं वरची गिट्टी सुटण्याचं. आपलं दुखणं तेच आहे असं आधीच धरून चालायचं नाही.

22 ऑक्टोबर

हिशेब. मार्शलचा, म्हणजे डांबरी मिश्रण तपासायच्या नेहमीच्या चाचणीचा, एक ठोकळा साधारण 1200 ग्रॅमचा. डांबर 5.5 टक्के, म्हणजे 66 ग्रॅम, आकारमान 64 घनसेंटिमीटरच्या आसपास. तंतू डांबराच्या आकारमानाच्या टक्क्यात मोजतात. 2 टक्के म्हणजे 10 ग्रॅम लोखंड, 4 टक्के म्हणजे 20, 6 टक्के म्हणजे 30. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 30 ग्रॅम स्टील वूल परातीत पिंजून ठेवलं तेव्हा परात दिसेना.

डांबर व्हीजी-30 या प्रतीचं, गिट्टी जवळच्या खाणीची, काळा बेसाल्ट.

स्टील वूल फर्निचर पॉलिशवाले वापरतात तेच आणलं. दुकानदाराने भांड्यांच्या तारेच्या घासण्याही पुढे केल्या. त्यातल्या काही चुंबकाला चिकटतात, काही नाही, तार जाड, आणि कापायला गेलं की कात्रीच वाकते. नको म्हटलं.

11 नोव्हेंबर

दिवाळीनंतर लॅब उघडली. जुना मायक्रोवेव्ह मिळाला, 800 वॅटचा. लॅबमधल्या मामांनी पहिला प्रश्न केला, "याच्यात आता डांबर शिजवून रायले का तुमी?" हो म्हटलं. त्यांनी खडूने दारावर लिहून टाकलं: खायचे ठेवू नये.

हा डबा सगळीकडे सारखा तापत नाही हे दाखवायला काचेची फिरती थाळी काढून पुठ्ठ्यावर मूग पापड पसरले. काही जागी फुलले, काही जागी कच्चेच. फुललेल्या दोन जागांमधलं अंतर पट्टीने मोजलं, सहा सेंटिमीटरच्या आगेमागे. 2450 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 12.2 सेंटिमीटर, तिचं अर्धं 6.1. पुस्तकातलं वाक्य पापडावर उमटलेलं बघून बरं वाटलं. ठोकळा थाळीवर फिरता ठेवायचा आणि मधे थांबवून बाजू पालटायची, असं ठरलं. पापड मामांनी खाल्ले नाहीत.

18 नोव्हेंबर

तंतू मिसळणं हीच खरी कटकट. स्टील वूल गरम गिट्टीत टाकलं की गोळे होतात. जिथे गोळा तिथे डांबर पोचत नाही, हवेची पोकळी राहते, आणि मायक्रोवेव्हमध्ये नेमका तोच गोळा पेटल्यासारखा तापतो. सेंटिमीटरपेक्षा आखूड कापलं तर गोळे कमी, पण कापायला बोटं झिजतात. 6 टक्क्यांच्या मिश्रणात पोकळी इतकी वाढली की मार्शलच्या 3 ते 5 टक्क्यांच्या मर्यादेत बसेना. 6 सोडून दिलं.

उद्यापासून लॅब बंद, मतदानाची तयारी.

27 नोव्हेंबर

आजचा दिवस लेथवाल्या काकांचा. स्टील वूलचा भाव रस्त्याच्या हिशेबात परवडणार नाही हे उघड होतं, म्हणून लेथचा कीस बघायला गेलो. साध्या लोखंडाचा कीस लांब, गुंडाळलेला, वर तेलकट. त्याचेही गोळेच होणार. काकांनी कोपऱ्यातलं वेगळं पोतं दाखवलं. ट्रकचे ब्रेक ड्रम टर्निंग करताना पडणारा चुरा. ब्रेक ड्रम बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. बीड ठिसूळ, त्यामुळे कीस लांब निघत नाही, तुकडे पडतात, आणि कापताना तेल लागत नाही म्हणून चुरा कोरडा.

"हे कायले पाहिजे तुमाले?"

"डांबरात टाकायला, काका."

"टाका. भंगारवाला तसाबी याले भाव देत नाई."

चाळणीने धूळ वेगळी केली, मधल्या जाडीचा चुरा ठेवला. हा मिश्रणात साखरेसारखा पसरतो. कापणं नाही, गोळे नाहीत. तंतूसारखं भेग बांधून ठेवायचं काम हा करणार नाही, पण आपल्याला बांधणी नको आहे, उष्णता हवी आहे. मला हाच पर्याय आवडला. सर म्हणाले, दोन्ही करा, आवड नंतर सांगा.

12 डिसेंबर

ठोकळे तोडायचा प्रश्न. अर्धगोल तुकड्याला खालून खाच पाडून तीन बिंदूंवर दाबायचं आणि मधोमध तोडायचं. पण आपल्या लॅबच्या तापमानाला डांबर तुटण्याऐवजी दबतं, वाकतं, आणि स्वच्छ भेग मिळतच नाही. परदेशात शून्याखाली वीस अंशांवर तोडतात. आपल्याकडे तेवढं थंड काय? कँटीनचा आइस्क्रीमचा फ्रीजर. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कुल्फीच्या खाली, रात्रभर. थंडीत आइस्क्रीम खपत नाही म्हणून मालकाने हरकत घेतली नाही. सकाळी काढला, पळत लॅबमध्ये नेला, आणि टक्कन तुटला. भेग कशी हवी तशी.

7 जानेवारी 2025

तापवायची मुख्य फेरी. तापमान मोजायला आधी कोविडच्या काळातली कपाळाला धरायची बंदूक आणली होती. ती चाळिशीच्या पुढे नुसतं "हाय" दाखवते. मेकॅनिकलवाल्यांकडून दुसरी घेतली, शिवाय ठोकळ्याला भोक पाडून आत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, कारण मायक्रोवेव्ह आतपर्यंत तापवतो आणि बंदूक फक्त कातडी बघते.

सुरुवात 24 अंश, अर्धा ठोकळा 600 ग्रॅमचा, 60 सेकंद:

स्टील वूल 4 टक्के: 84 अंश.
बीडाचा चुरा, तेवढ्याच वजनाचा: 78.
काहीच न घातलेला: 61.

शेवटचा आकडा आम्ही पुन्हा घेतला, कारण तो इतका यायला नको होता. डांबर स्वतः मायक्रोवेव्ह फारसं शोषत नाही. मग 61 कुठून?

10 जानेवारी

गिट्टीतून. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड. चुंबक दोऱ्याला बांधून गिट्टीच्या चुरीतून फिरवलं तर काळी पूड चिकटून येते. हाच दगड मायक्रोवेव्हमध्ये तापतो. पार्टनरने भंडाऱ्याकडून येणाऱ्या ट्रकवाल्याकडून तिकडची गिट्टी मागवली, पांढुरकी, ग्रॅनाइटी. लोखंड न घालता तीच पाककृती, तेच 60 सेकंद, आणि ठोकळ्याने पन्नाशीही गाठली नाही.

म्हणजे विदर्भाचे इथे दोन भाग पडतात. पश्चिमेला बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा हा बहुतेक दख्खनचा काळा दगड. नागपुरात सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि शहराच्या पूर्वेला दगड बदलतो. भंडारा, गोंदियाकडे लोखंड घातल्याशिवाय मायक्रोवेव्हचा उपयोग नाही. आमच्याकडे निम्मं काम खाणीतच झालेलं आहे. प्रकल्पातली ही सगळ्यात खणखणीत गोष्ट, आणि ती शोधायला आम्ही निघालोच नव्हतो.

सरांनी सुरतजवळच्या हजिराचा दाखला दिला. तिथे 2022 मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मदतीने पोलाद कारखान्याच्या मळीचा (स्लॅगचा) रस्ता झाला. मळीतही लोखंडाची ऑक्साइडं असतात, म्हणजे तीही तापेल. वर्ध्याजवळ कारखाना आहे. पण मळीत मोकळा चुना असतो, पाणी मिळालं की फुगतो, तो आधी महिनोन्‌महिने उघड्यावर मुरवावा लागतो. एवढा वेळ आम्हाला नाही. सोडलं.

21 जानेवारी

जोडलेले तुकडे परत फ्रीजरमध्ये टाकून परत तोडले. पहिल्यांदा तोडताना लागलेल्या जोराच्या तुलनेत दुसऱ्यांदा किती लागला, ते गुणोत्तर म्हणजे बरं होणं. 80 अंशांच्या वर गेलेले तुकडे अर्ध्याहून जास्त ताकद परत मिळवतात. वूल आणि बीड यांत फरक इतका थोडा की त्यावर बढाई मारता येणार नाही. तेच तुकडे पुन्हा-पुन्हा तोडले-तापवले की दर वेळी परतावा घटतो, हे परदेशातही असंच दिसलेलं आहे. एक मात्र आहे: वूलची टोकं ठोकळ्याच्या बाहेर डोकावत असली की ठिणग्या उडतात. चुऱ्याच्या तुकड्यांत आम्हाला ठिणगी दिसली नाही. रस्त्यावर, कापसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर, मला ठिणगी नको आहे.

लाइन कमी दाबाने आली की मायक्रोवेव्ह मरगळतो. 60 सेकंदांचा अर्थच बदलतो. आता स्टॅबिलायझर लावल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

4 फेब्रुवारी

रस्त्यावर. पांढरा रंग, पट्टी, वही. गावाच्या बाजूने भेगा मोजत मुख्य रस्त्यापर्यंत आलो.

तीन जाती दिसल्या. चाकोरीत केसासारख्या बारीक, आडव्या-तिडव्या. मोरीजवळ जाळीदार, तुकडे हलणाऱ्या, म्हणजे खालचा थरच गेलेला. आणि सगळ्यात जास्त लांबीच्या त्या कडेच्या: डांबराच्या काठापासून दोन-एक फूट आत, रस्त्याला समांतर, लांबच लांब. निंबाच्या आणि बाभळीच्या झाडांशेजारी त्या जास्त उघड्या.

तुरीच्या वावरातून एक आजोबा आले. आम्ही भेगेत पट्टी घालून रुंदी मोजत होतो. त्यांनी हातातली काठी धुऱ्याजवळच्या जमिनीच्या भेगेत सोडली. हातभर गेली. "डांबराले कायले मोजता? जमीन फाटते न बापू. ते वरचं बिचारं तिच्या संगं फाटते."

संध्याकाळी कडेची माती पिशवीत भरली.

6 फेब्रुवारी

फ्री स्वेल चाचणी. दहा ग्रॅम माती रॉकेलच्या नळकांड्यात, दहा ग्रॅम पाण्याच्या, चोवीस तास. रॉकेलमध्ये 10 मिलिलिटर, पाण्यात 18. म्हणजे 80 टक्के फुगते. आजोबांच्या काठीने चोवीस तास लावले नव्हते.

पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. रस्त्याच्या मध्याखाली ओल टिकते, कडेला ती येते-जाते, झाडाची मुळं ती ओढून घेतात. म्हणून कडा वर-खाली होते, मधला भाग तसाच राहतो, आणि दोघांच्या सांध्यावर भेग. डांबर तिथे निव्वळ साक्षीदार आहे. ते वितळवून भेग बुजवली तरी जमीन पुढच्या मार्चमध्ये ती पुन्हा उघडणार.

25 फेब्रुवारी

कडेला निखळून पडलेले जुन्या कार्पेटचे तुकडे आणले होते. तेच लॅबमध्ये तापवले. आमच्या ताज्या ठोकळ्यांत 80 अंशांना जे डांबर ओघळायला लागतं, ते या तुकड्यांत नुसतं चमकतं. शंभरच्या वर गेल्यावर जरा मऊ पडलं, आणि धूर येऊ लागला म्हणून थांबवलं. इतक्या उन्हाळ्यांत हवेने आणि उन्हाने हे डांबर कोरडं, ताठ झालंय. त्याला उष्णता पुरत नाही, तेलही लागतं. त्यावर उपाय म्हणून काही जण सूर्यफुलाच्या तेलाच्या बारीक गोळ्या मिश्रणात आधीच घालून ठेवतात. भेग पडली की गोळी फुटते, तेल झिरपतं. तो वेगळा प्रकल्प, पुढच्या बॅचने करावा.

आम्हाला यातून एवढंच घ्यायचं: मायक्रोवेव्ह तरुण रस्त्यावर, भेग केसाएवढी असतानाच. डोळ्यांना ठळक दिसायला लागली की उशीर झालेला असतो.

20 मार्च

होळीच्या सुट्टीनंतर खर्चाचं बसलो. 20 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर थर, वजन साधारण 44 किलो. तो 30 अंशांवरून 80 वर न्यायला 2000 किलोज्यूलच्या वर, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज, तीही एक थेंब वाया गेला नाही असं धरून. एक किलोमीटरला 3750 चौरस मीटर. म्हणजे 2100 युनिट. यंत्रात आणि हवेत निम्मी जाते असं धरलं तर 4200. डिझेल जनरेटरवर, लिटरला साडेतीन युनिट धरले तर 1200 लिटर डिझेल. एका किलोमीटरला, एका वेळेला. आणि खालच्या खडीत शिरणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

पार्टनर म्हणाला, एवढ्या डिझेलमध्ये गावातले सगळे ट्रॅक्टर हंगाम काढतील. त्याचा हिशेब मी तपासला नाही.

24 एप्रिल

दुपारी दोनला रस्त्यावर. हवा चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेली. डांबराचा पृष्ठभाग 61 अंश. व्हीजी-30 चा मृदुबिंदू किमान 47 असावा लागतो, म्हणजे वरचं डांबर आत्ता, कोणतंही यंत्र न आणता, मऊ आहे. फेब्रुवारीत पांढऱ्या रंगाने खूण केलेल्या चाकोरीतल्या बारीक भेगांपैकी बऱ्याच आज सापडत नाहीत. रंगाची खूण आहे, भेग नाही. ऊन आणि टायर यांनी मिळून चोपून टाकल्या.

मार्चचा हिशेब इथे बदलतो. पृष्ठभाग 61, पूर्ण थराचे 58 धरले तर 80 ला जायला फक्त 22 अंश हवेत. 2100 चे साडेनऊशेच्या आत येतात. मायक्रोवेव्हची गाडी विदर्भात कधी फिरवायचीच झाली तर ती एप्रिल-मेच्या दुपारी, पावसाच्या आधी, म्हणजे बारीक भेगांतून पाणी खाली उतरायच्या आत. डच लोकांना ही सोय नाही.

पण कडेची भेग त्याच दुपारी मोजली. फेब्रुवारीत 4 मिलिमीटर होती त्या खुणेवर आज 11. डांबर जेव्हा सगळ्यात राजी असतं, नेमकी तेव्हाच माती सगळ्यात जास्त आकसलेली असते. आणि पावसात माती फुगून भेग मिटायला येते तेव्हा डांबर गार, ओलं.

आजोबा आज पुन्हा भेटले. "मशीन कवा आणता मंग?" मी म्हटलं, चाकोरीला आणू, कडेला नाही. ते म्हणाले, "मंग कडेले काय करता?"

29 एप्रिल

अहवालाचे दोन भाग करायचं सरांनी मान्य केलं. पहिला लॅबचा: बेसाल्ट गिट्टी, बीडाचा चुरा, 80 अंश, ताजं डांबर, ठिणगी नाही. दुसरा रस्त्याचा: कुठली भेग तापवून भरेल आणि कुठली नाही, लांबीच्या टक्क्यांनी नव्हे तर नकाशावर रंगाने. टक्के एका रस्त्याचे असतात, लोक ते सगळ्या तालुक्याला लावून मोकळे होतात.

आजोबांच्या प्रश्नाला दुसऱ्या भागात जागा दिली. साइडपट्टीवर मुरमाची रुंद भर, म्हणजे ओलीची चढउतार डांबरापासून लांब जाईल. नाली काठापासून दूर. रुंद भेगेत इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) आणि बारीक चुरी, दर पावसाआधी. यात नवीन काही नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक विचारतील की मग लोखंड कशाला घातलं. उत्तर: चाकोरीसाठी, आणि भंडाऱ्यासाठी.

8 मे

ग्रामपंचायतीने तोंडी होकार दिला. निंबाच्या झाडापासून मोरीच्या दिशेने दहा मीटर कडेची भेग ब्रशने साफ करून इमल्शन-चुरीने भरली, त्याच्या पुढचे दहा मीटर तसेच ठेवले. दोन्हीकडे खिळे ठोकून खुणा केल्या, मधलं अंतर वहीत लिहिलं. वही लॅबमध्ये मामांकडे आहे. दिवाळीनंतर पुढच्या बॅचने मोजायचं, आणि पुन्हा एप्रिलमध्ये. बीडाचं अर्धं पोतं उरलंय, मार्शलच्या कपाटाखाली ठेवलंय. ओल लागू देऊ नये, गंजतं.